झांजेवरचा शिक्का : अवेडिस झिल्जियन यांची जीवनकथा

हलशीच्या कदंबांचे ताम्रपट वाचणारे अभ्यासक अक्षरांच्या वळणावरून लेखाचा काळ ठरवतात, हे आपल्या महाविद्यालयातील इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ठाऊकच आहे. राजाचे नाव असते, दान दिलेल्या गावाचे नाव असते. पण सन नेहमीच असतो असे नाही. अशा वेळी अक्षराचा माथा, वेलांटीचे वळण, ओळींची ठेवण यांनाच साक्षीला बोलवावे लागते. नेमके हेच शास्त्र धातूच्या आणखी एका वस्तूला लागू पडते, असे सांगितले तर कित्येकांना नवल वाटेल. ती वस्तू म्हणजे बँडमधली झांज. पाश्चात्त्य वाद्यवृंदात, लष्करी बँडमध्ये आणि जाझच्या ड्रमसेटवर वाजणाऱ्या जुन्या झांजा ओळखणे व त्यांचा काळ सांगणे हा अमेरिकेत व युरोपात आज एक स्वतंत्र व्यासंग झाला आहे. त्या व्यासंगात शिरलेला मनुष्य फिरून फिरून एकाच नावाशी येऊन थांबतो. ते नाव झिल्जियन.

मी रसायनशास्त्र शिकवतो. मिश्रधातूंचा धडा आला की पितळ आणि कासे यांतला फरक सांगावा लागतो. तांब्यात जस्त मिसळले तर पितळ, कथील मिसळले तर कासे. साधारण चार भाग तांबे व एक भाग कथील असे प्रमाण झाले की कासे नाद देऊ लागते. काशाच्या वाटीने तळपाय घासून घेण्याची आपल्याकडची रीत सर्वांना माहीत आहे. आमचे कन्नड मित्र याच धातूला कंचु म्हणतात. ही वाटी हातातून फरशीवर पडली तर पोचत नाही, तडकते. तांब्याचा लोटा पोचतो. नाद आणि ठिसूळपणा ही या धातूची जुळी भावंडे आहेत. आणि झांजेवर तर आयुष्यभर काठीचा मार बसणार! मग ती फुटत कशी नाही, हा प्रश्न मला कित्येक वर्षे पडलेला होता.

पुढे लष्करी बँडमधून निवृत्त झालेल्या एका वादकाने मला त्यांच्याजवळची एक जुनी झांज दाखवली. तिच्या वरच्या अंगाला, मधल्या घुमटापासून थोडे बाहेर, रुपयाहून मोठा असा एक ठोकीव शिक्का होता. त्यात अर्धचंद्र आणि तारे, अरबी वळणाची जुनी तुर्की अक्षरे, अवेडिस झिल्जियन कंपनी हे रोमन लिपीतले नाव, अस्सल तुर्की झांजा अशा अर्थाचे इंग्रजी शब्द आणि त्याखाली, अगदी गंभीरपणे, मेड इन यू.एस.ए.! तुर्की म्हणवणारी वस्तू अमेरिकेत कशी घडली आणि अमेरिकेत घडलेल्या वस्तूवर अरबी वळणाची अक्षरे कोणासाठी? या विसंगतीचे उत्तर शोधता शोधता मी एका माणसाच्या चरित्रापर्यंत पोचलो. ते चरित्र आज सांगावयाचे आहे.

या घराण्यात अवेडिस नावाचे तीन प्रसिद्ध पुरुष होऊन गेले. कोल्हापूरच्या गादीवर शिवाजी, संभाजी, शाहू ही नावे परतून परतून आली आणि विद्यार्थ्यांची परीक्षेत त्रेधा उडाली, तसाच हा प्रकार. आपले चरित्रनायक तिसरे. परंतु पहिल्यांना ओलांडून तिसऱ्यांकडे जाता येत नाही.

पहिले अवेडिस हे सतराव्या शतकातील कॉन्स्टँटिनोपलमधले, म्हणजे आजच्या इस्तंबूलमधले, आर्मेनियन धातुकार. किमयेच्या नादाने हलक्या धातूचे सोने करू पाहत असता १६१८ मध्ये त्यांना तांबे, कथील आणि किंचित चांदी यांचा असा मेळ साधला की त्याचा पत्रा ठोकून ठोकून पातळ केला तरी फुटेना, आणि वाजवला तर दीर्घ काळ घुमत राही. ही कंपनीने आणि घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जपलेली हकिगत आहे. दुसऱ्या उस्मान सुलतानाने त्यांना सोन्याची ऐंशी नाणी दिली आणि झिल्जियन हे आडनाव दिले, असे ती हकिगत सांगते. तुर्की भाषेत झिल म्हणजे झांज. पुढचा जी हा प्रत्यय आपल्या अगदी ओळखीचा आहे. तोपची, बावर्ची, खजानची या शब्दांतून तो मराठीत कधीच येऊन बसला आहे. यान हा आर्मेनियन आडनावांचा शेवट, अमक्याचा वंशज असे सांगणारा. तेव्हा झिल्जियन म्हणजे झांजकऱ्याचा वंशज. आपल्याकडे कासार, तांबट, लोहार ही आडनावे झाली, त्याच जातीचे हे आडनाव. १६२३ मध्ये अवेडिसना राजवाड्याबाहेर स्वतःचा कारखाना काढण्याची परवानगी मिळाली आणि तेच साल पुढे कंपनी आपल्या स्थापनेचे म्हणून मिरवू लागली.

सुलतानाच्या जानिसारी सैन्यापुढे ढोल, झांजा आणि सनया वाजत. अठराव्या शतकात या तुर्की वाद्यांची युरोपला मोठी भुरळ पडली. पलटणींच्या बँडमध्ये झांजा आल्या, मोत्सार्टने १७८२ च्या आपल्या संगीत नाटकात त्या वाजवल्या. युरोपातून त्या इंग्रजांच्या पलटणींबरोबर हिंदुस्थानात आल्या. आमच्या बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचा बँड ज्यांनी ऐकला आहे, त्यांच्या कानांवर या तुर्की परंपरेचा एक लांबचा सूर पडलेला आहे. १८५१ मध्ये दुसऱ्या अवेडिसनी स्वतःचे जहाज बांधवून आपल्या झांजा लंडनच्या महाप्रदर्शनाला नेल्या. ते वारले तेव्हा, १८६५ मध्ये, त्यांचे पुत्र लहान होते. म्हणून कारखाना भाऊ केरोपे यांच्याकडे गेला. केरोपे यांनी आपल्या नावाचे आद्याक्षर के हे झांजांवर ठोकले. एका घराण्यात दोन शिक्के कसे झाले, याचे मूळ इथे आहे. जुन्या झांजा ओळखू पाहणाऱ्याने ही वंशावळ पाठच केली पाहिजे.

धातू वितळवण्याचे गुपित बापाने थोरल्या मुलाला सांगावे, अशी घराण्याची रीत होती. दुसऱ्या अवेडिसांचे थोरले पुत्र हारुत्यून सरकारी चाकरीत व कायद्याच्या व्यवसायात रमले. म्हणून ते गुपित धाकट्या अराम यांच्याकडे गेले. अराम राजकारणात पडले. तो काळ तुर्की साम्राज्यातील आर्मेनियन लोकांना फार कठीण होता. अराम यांना शहर सोडावे लागले. रुमानियातील बुखारेस्ट येथे त्यांनी काही वर्षे झांजा घडवल्या. हारुत्यून यांचे पुत्र म्हणजे आपले तिसरे अवेडिस. त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८८९ रोजी कॉन्स्टँटिनोपल येथे झाला.

अवेडिस या आर्मेनियन शब्दाचा अर्थ शुभवार्ता. पण ज्या शहरात ही शुभवार्ता जन्मली, तिथे तिला राहता आले नाही. १९०९ मध्ये, विशीतच, हा तरुण बोटीने अमेरिकेला गेला. पुढे सहाच वर्षांनी, १९१५ मध्ये, तुर्कस्तानात आर्मेनियन लोकांची जी भीषण कत्तल आणि हद्दपारी झाली ती इतिहासप्रसिद्ध आहे. तिच्यात सापडलेल्यांत आणि अमेरिकेत पोचलेल्या या तरुणात अंतर होते ते केवळ एका बोटीच्या तिकिटाचे, असे मला वाटते.

बॉस्टनमध्ये त्यांनी काय केले? झांजा मुळीच नाही. ते गोळ्या-चॉकलेटच्या कारखान्यात कामाला लागले. काही वर्षांत त्यांनी स्वतःचा मिठाईचा व्यवसाय उभा केला, लग्न केले. १९२१ मध्ये आर्मंड आणि १९२३ मध्ये रॉबर्ट असे दोन मुलगे झाले. साखरेचा पाक करणाऱ्याला ठाऊक असते की आच क्षणभर जास्त झाली तर पाक करपतो आणि कमी झाली तर धरत नाही. पुढे वितळलेल्या काशापुढे उभे राहताना हा हात त्यांच्या उपयोगी पडला असेल, असा माझा आपला तर्क. असो.

१९२७ मध्ये काका अराम यांचे पत्र आले. घराण्याचा धंदा सांभाळण्याची पाळी आता तुझी आहे, तर तू परत ये, असा त्याचा आशय होता. या पत्राने त्यांच्यापुढे मोठाच पेच टाकला. अवेडिस आता अडतिशीला आले होते. मिठाईचा धंदा बरा चालला होता. मुले अमेरिकेत वाढत होती. ज्या देशातून त्यांच्या लोकांचा उच्छेद झाला, तिथे परत जायचे कशासाठी? आणि न जावे तर तीनशे वर्षांची विद्या काकांबरोबर संपणार. त्यांची पत्नी सॅली अमेरिकन होती. तिने हा वारसा सोडू नये असा आग्रह धरला, असे त्यांच्या घरात सांगतात. शेवटी अवेडिस यांनी मधला मार्ग काढला. आपण तुर्कस्तानात जायचे नाही. काकांनीच अमेरिकेत यावे आणि विद्या इथे द्यावी. म्हातारे अराम खरोखरच आले. बॉस्टनजवळ क्विन्सी येथे, नॉरफोक डाउन्स या भागात भट्टी उभी राहिली आणि १९२९ मध्ये अवेडिस झिल्जियन कंपनी सुरू झाली.

आता त्या शिक्क्याकडे पुन्हा पाहू. तुर्कस्तानच्या सरकारने नोव्हेंबर १९२८ मध्ये अरबी वळणाची लिपी सोडून रोमन लिपी स्वीकारली होती. म्हणजे ज्या वेळी मूळ देशात ती अक्षरे पाट्यांवरून आणि पुस्तकांवरून पुसली जात होती, त्याच सुमारास अटलांटिकपलीकडे एक निर्वासित आर्मेनियन ती काशावर ठोकत होता. व्यापाराच्या दृष्टीने हे अगदी चतुर होते; तुर्की झांजांची कीर्ती तीनशे वर्षांची, ती टाकून कोण देईल? पण केवळ व्यापार म्हणून मी ते सोडून देऊ शकत नाही. ज्या साम्राज्याने त्यांच्या लोकांना बाहेर काढले, त्याच साम्राज्याची चंद्रकोर आणि लिपी त्यांनी जन्मभर आपल्या मालावर बाळगली. आपले म्हणून सांगता येईल असे त्यांच्याजवळ दुसरे काय उरले होते? सीमाभागात राहून पाटीवरच्या अक्षरांवरून झालेले वाद पाहिलेल्या आम्हा लोकांना हे समजायला जड जाऊ नये.

धंद्याचा मुहूर्त मात्र वाईट होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. बोलपट आल्यामुळे मूकपटांच्या थिएटरांत वाजवणारे वादक बेकार झाले होते. शिवाय घराण्यातलाच दुसरा शिक्का आडवा आला. केरोपे यांच्या शाखेच्या झांजा इस्तंबूलमध्ये होतच होत्या आणि त्या अमेरिकेत विकण्याचे हक्क ग्रेच या वाद्यांच्या कंपनीकडे होते. सिंफनी वादकांना इस्तंबूलची के झांजच हवी असे. झिल्जियन हे नाव कोणी कसे वापरावे याचा वाद पुढे कोर्टातही गेला आणि १९५८ मध्ये तो वरिष्ठ न्यायालयापुढे होता. एकाच आडनावाचे दोन माल, दोन्ही अस्सल!

अवेडिस यांनी या अडचणीतून वाट काढली ती ऐकून घेण्याच्या गुणाने. जुने सिंफनीवाले वळत नाहीत असे दिसल्यावर ते नव्या वादकांकडे गेले. जाझ हे त्या काळी नाचघरांचे, बहुतांशी कृष्णवर्णीयांनी घडवलेले संगीत होते. प्रतिष्ठित मंडळी त्याला नाक मुरडीत. चिक वेब, जो जोन्स, जीन क्रुपा या ड्रमवादकांना बँडच्या जाड झांजा नको होत्या. जाड झांज उशिरा बोलते आणि बोलली की लवकर गप्प बसत नाही. त्यांना हवी होती काठीचा स्पर्श होताच उमलणारी पातळ झांज. क्रुपा यांच्या सांगण्यावरून अवेडिस यांनी झांजा पातळ करून पाहिल्या. ठिसूळ धातू पातळ करणे म्हणजे आगीशी खेळ. पण ते साधले.

याच वर्षांत ड्रमसेटची आजची रचना घडत गेली. पायाने उघडमीट होणारी झांजांची जोडी, जिला हाय-हॅट म्हणतात, तिच्यावर ताल धरण्याची पद्धत जो जोन्स यांनी काउंट बेसीच्या वाद्यवृंदात रूढ केली. आपल्या भजनातील टाळकऱ्याचे काम इथे एक पाय करतो, असे म्हणा ना! पुढे १९४० च्या दशकात केनी क्लार्क यांनी ताल मोठ्या टांगलेल्या झांजेवर नेला. क्षणात उसळून विरणारी ती स्प्लॅश, घाव बसताच फुटणारी ती क्रॅश, अखंड ताल चालवणारी ती राइड, रिव्हेटी बसवल्यामुळे सरसरणारी ती सिझल. अशी नावे वादकांच्या सहवासात पडत गेली आणि त्यांतली पुष्कळशी अवेडिस यांच्या कारखान्यातून जगभर गेली. दुसऱ्या महायुद्धात तांबे आणि कथील यांवर नियंत्रण आले. तेव्हा नौदलाच्या आणि लष्कराच्या बँडच्या मागणीवर भट्टी पेटती राहिली.

माझ्या मूळ प्रश्नाचे, झांज फुटत का नाही याचे, उत्तरही याच भट्टीत आहे. एवढे कथील असलेले कासे थंडपणी ठोकले तर तुटते. पण ते लाल होईपर्यंत तापवून, गरम असतानाच लाटले, पुन्हा तापवले, पुन्हा लाटले आणि शेवटी तापलेल्या स्थितीतून एकदम पाण्यात बुडवले, तर ते चिवट होते. पोलाद पाण्यात बुडवले तर कडक होते. हे बरोबर उलट. तापलेल्या धातूची जी अंतर्रचना असते ती सावकाश थंड होताना ठिसूळ रचनेत बदलते. एकदम थंड केल्याने तो बदल होण्यास सवडच मिळत नाही. मग मधला घुमट दाबून काढतात, हातोडीने आकार देतात आणि चरकावर फिरवून कातीने बारीक चऱ्या पाडतात. क्विन्सीत लाटण्यासाठी आणि पुढे ठोकण्यासाठी यंत्रे आली; इस्तंबूलमध्ये हाताची हातोडी चालू राहिली. म्हणून के झांजांतील दोन कधी सारख्या नसतात, आणि अवेडिस यांच्या झांजांत पुष्कळ सारखेपणा आढळतो. घराण्याचे गुपित म्हणून ज्याचा एवढा गवगवा, ते तांब्या-कथलाचे प्रमाण आज कोणतीही प्रयोगशाळा सांगेल. माझ्या मते खरे गुपित प्रमाणात नाही, कथील केव्हा आणि कसे टाकावे या हातात आहे. काशाची भांडी घडवणारे आपले कारागीरही हेच सांगतील.

आता काळ ओळखण्याविषयी, कारण काही वाचक त्यासाठीच इथवर आले असतील. प्रथम गावाचे नाव पाहावे. कॉन्स्टँटिनोपल असे असेल तर झांज बहुधा १९३० पूर्वीची. त्या वर्षी तुर्की सरकारने परदेशी टपालालाही इस्तंबूल हेच नाव वापरायला लावले. अवेडिस हे नाव आणि मेड इन यू.एस.ए. असेल तर १९२९ च्या आधीची ती असूच शकत नाही, मग विकणारा काहीही सांगो. के हे अक्षर आणि अमेरिकेचे नाव एकत्र दिसले तर ती १९८० नंतरची. कारण कंपनीने अमेरिकेत के झांजा १९८२ मध्ये बाजारात आणल्या. हे झाले सोपे. अवघड असते ते क्विन्सीच्या झांजांमधले दशक ठरवणे. शिक्क्याचा पोलादी ठसा वापरून झिजत असे आणि नवा करावा लागे. प्रत्येक नव्या ठशात अक्षरांची उंची, ओळींमधले अंतर, अरबी अक्षरांची लांबी यांत थोडा फरक पडे. संग्राहकांनी शेकडो शिक्के मोजून त्यांचे गट केले आहेत. त्यातल्या एका गटाला, जो १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९५० च्या दशकाच्या आरंभापर्यंतचा मानतात, ते ट्रान्स स्टँप म्हणजे संक्रमणकाळचा शिक्का म्हणतात. १९५० च्या दशकात मोठा आणि लहान असे दोन आकार आढळतात. कदंबांच्या अक्षरांचे माथे मोजण्यासारखेच हे काम आहे.

शिक्का एकटा पुरत नाही. झांजेचा व्यास आणि वजनही पाहावे लागते. महायुद्धापूर्वीच्या बहुतेक झांजा लहान. वीस-बावीस इंची राइड युद्धानंतरच्या काळातल्या. जुन्या हाय-हॅटच्या दोन झांजा साधारण एका वजनाच्या असतात. खालची जड ठेवण्याची तऱ्हा कंपनीने १९६० च्या दशकात रूढ केली. मधले भोक जुन्या झांजांत अनेकदा लहान असते आणि वर्षानुवर्षे दांड्यावर घासून किल्लीच्या भोकासारखे लांबट झालेले दिसते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस नाव व प्रकार शाईने छापू लागले. आधी पोकळ अक्षरे, नंतर भरीव. १९९४ पासून ठोकीव ठसा गेला आणि शिक्का लेसरने कोरला जाऊ लागला. शाई नाही म्हणजे झांज जुनीच, असे मात्र समजू नये. शाई पुसता येते, आणि लबाड व्यापारी ती पुसतात.

आणखी एक. आपल्याकडे कोणत्याही जुन्या भांड्याला चिंच लावून लखलखीत करण्याची घाई असते. कोणाच्या घरी, देवळात वा शाळेच्या अडगळीत अशी झांज सापडली तर कृपा करून हे करू नये. वर्षांनुवर्षे चढलेला काळसर-हिरवट थर हाही पुरावाच आहे, आणि जोराने घासल्यास शिक्क्याच्या कडा बोथट होतात.

अवेडिस यांच्या उत्तरायुष्यात मागणी इतकी वाढली की कारखाना पुरेना. फेब्रुवारी १९६४ मध्ये बीटल्स अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर दिसले, त्यांच्या ड्रमवादकापुढे झिल्जियन झांजा होत्या, आणि देशातील पोरे ड्रमसेट मागू लागली. १९६८ मध्ये कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतात मेडक्टिक येथे दुसरा कारखाना निघाला. त्याच वर्षी कंपनीने ग्रेचकडून के या नावाचे हक्क विकत घेतले. एकशे तीन वर्षांपूर्वी दोन भावांमध्ये फुटलेले शिक्के अशा रीतीने एका तिजोरीत आले. अवेडिस तेव्हा एकोणऐंशीचे होऊ घातले होते. १९७० च्या दशकात क्विन्सीहून मुख्य कारखाना जवळच्या नॉर्वेल येथे हलला आणि इस्तंबूलची जुनी कर्मशाळा याच दशकात बंद पडली. तिथे लहानपणापासून हातोडी चालवणारे अगोप आणि मेहमेत हे दोन कारागीर मात्र घरी बसले नाहीत. त्यांनी त्याच शहरात नवी भट्टी काढली आणि झांजांच्या मागच्या अंगावर आपल्या सह्या केल्या. या सह्याही आता काळ ठरवण्याच्या कामी येतात.

घराण्याची रीत अवेडिस यांनी एका बाबतीत मोडली. गुपित एकट्या थोरल्याला न सांगता त्यांनी ते आर्मंड आणि रॉबर्ट दोघांनाही सांगितले. बापाच्या दृष्टीने हा न्यायच होता. ८ फेब्रुवारी १९७९ रोजी ते वारले, नव्वदीला दहा महिने कमी असताना. त्यानंतर दोनच वर्षांत, १९८१ मध्ये, भावांचे बिनसले. रॉबर्ट मेडक्टिकचा कारखाना घेऊन वेगळे झाले. झिल्जियन हे नाव त्यांना वापरता येईना, म्हणून सॅली, बिली आणि अँडी या आपल्या तीन मुलांच्या नावांची आद्याक्षरे जोडून त्यांनी सेबियन हे नाव घेतले. आज जगातील मोठ्या झांजकऱ्यांत या दोन्ही कंपन्यांची गणना होते, म्हणजे एका बापाच्या दोन मुलांची.

आर्मंड यांनी रीत आणखी पुढे मोडली आणि गुपित मुलींना दिले. त्यांची कन्या क्रेगी १९९९ मध्ये कंपनीची प्रमुख झाली. घराण्यात स्त्रीकडे ते पद जाण्याची ती पहिलीच वेळ. नॉर्वेलहून निघणाऱ्या झांजांवर पोलादी ठसा आता पडत नाही. पण लेसरने कोरलेल्या शिक्क्यात ती अरबी वळणाची अक्षरे ठेवलेली आहेत.